आईचा अल्झायमर आणि पोटातले बॅक्टेरिया, प्रोबायोटिकवर पैसे घालावेत का?

अक्कलकोटकर

नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितोय, सांभाळून घ्या.

आईला मागच्या वर्षी अल्झायमर निघाला, वय ७३. एमआरआय, रक्त, ते घड्याळाचं चित्र काढायला लावतात ते, सगळं झालं. अल्झायमरची डोनेपेझिल गोळी चालू आहे. शुगर जुनी आहे म्हणून मेटफॉर्मिन, आणि ॲसिडिटीची उपाशीपोटीची गोळी तर आम्ही कित्येक वर्षं बघतोय. सध्याचा मोठा त्रास विसरण्याचा नाहीच खरं तर, पोटाचा आहे. तीन-तीन चार-चार दिवस साफ होत नाही आणि तसं झालं की चिडचिड, रात्री उठून दाराची कडी वाजवणं, 'मला घरी सोडा' हे सगळं सुरू होतं.

आता झालंय असं की बहिणीच्या सासरकडच्या एकांनी व्हॉट्सॲपवर व्हिडिओ पाठवला. त्यात म्हणे अल्झायमर डोक्यात सुरूच होत नाही, आतड्यात सुरू होतो, आणि आतड्यातले चांगले बॅक्टेरिया वाढवले की रोग मागे फिरतो. खाली लिंक. पोटातल्या बॅक्टेरियाची टेस्ट (घरी डबी येते, नमुना भरून पाठवायचा) आणि त्या रिपोर्टवरून 'खास तुमच्यासाठी' प्रोबायोटिक (म्हणजे चांगले बॅक्टेरिया भरलेल्या) कॅप्सूल, सहा महिन्यांचा कोर्स. दोन्ही मिळून पाच आकडी रक्कम होते. बहीण म्हणते करून बघू, नुकसान काय. बायको म्हणते मी रोज विरजण लावते ते काय मग वाया चाललंय का. मी मध्ये अडकलोय.

न्यूरोंना (आईच्या मेंदूच्या डॉक्टरांना) विचारलं तर ते हसले आणि म्हणाले द्यायचं असेल तर द्या. आता याचा अर्थ काय घ्यायचा?

मला एवढंच कळायला हवंय की ह्यात खरं किती आहे, कुणी अभ्यास केलाय का की सगळं कॅप्सूल विकायला चाललंय. आणि सगळं आतड्यातूनच येत असेल तर उद्या मला आणि बहिणीला पण होईल का, हे पण डोक्यात येतं रात्री.

पेट्रीडिश

मी डॉक्टर नाही, मायक्रोबायोलॉजीतली आहे, पुण्यात शिकले आणि आता बाहेर असते. काम आतड्यातल्या बॅक्टेरियावरच आहे, अल्झायमरवर नाही, पण ह्या विषयातले पेपर वाचत असते. थोडं लांबेल.

व्हिडिओवाला सगळंच खोटं बोलत नाहीये आणि खरी अडचण तीच आहे, धादांत खोटं असतं तर सोपं होतं.

आधी उंदरांचं सांगते कारण बहुतेक पुरावा तिथलाच आहे. लॅबमध्ये असे उंदीर वाढवता येतात की ज्यांच्या अंगात एकही जंतू नाही, जन्मापासून बंद पेटीत, हवा पाणी खाणं सगळं निर्जंतुक. आणि दुसरे असे उंदीर असतात ज्यांच्यात माणसाच्या अल्झायमरचे जीन घातलेत, त्यांच्या मेंदूत वय वाढेल तसं अमायलॉइड नावाचं प्रोटीन साचत जातं (हे तेच, आलॉइस अल्झायमरने १९०६ साली पेशंटच्या मेंदूत बघितलेले डाग). २०१७ मध्ये स्वित्झर्लंड आणि स्वीडनमधल्या गटाने हे दोन्ही एकत्र केलं, म्हणजे जीन अल्झायमरचे पण पोटात जंतू शून्य. तर अमायलॉइड खूपच कमी साचलं. मग त्यांच्यात आजारी उंदरांचे बॅक्टेरिया सोडले तर परत वाढलं. त्याच सुमाराला शिकागो युनिव्हर्सिटीत संग्राम सिसोदिया यांच्या लॅबने पेटीबिटी काही नाही, सरळ अँटिबायोटिक देऊन बॅक्टेरिया मारले, तिथे पण अमायलॉइड कमी झालं. पण पुढच्या कामात दिसलं की हा फायदा नर उंदरांतच होतोय, माद्यांमध्ये नाही. आणि अल्झायमर जास्त कुणाला होतो, तर बायकांना. व्हिडिओत हे सांगणार नाहीत.

आता ह्याहून मजेशीर प्रकार. आपण चोथा खातो, पालेभाजी, भाकरी, डाळीची सालं, ते आपल्याला पचत नाही, मोठ्या आतड्यातले बॅक्टेरिया ते आंबवतात आणि त्यातून ॲसिटेट, प्रोपिओनेट, ब्युटिरेट अशी छोटी फॅटी ॲसिडं तयार होतात. प्रोबायोटिकच्या प्रत्येक जाहिरातीत हे हिरो असतात. आतड्याच्या अस्तराला ती चांगली आहेत, ह्यात वाद नाही. पण २०२३ च्या जानेवारीत सेंट लुईसच्या वॉशिंग्टन युनिव्हर्सिटीतल्या डेव्हिड होल्ट्झमन यांच्या गटाचा पेपर 'सायन्स' नियतकालिकात आला. त्यांनी अमायलॉइड नाही तर टाऊ हे दुसरं प्रोटीन घेतलं, पेशी मरण्याशी त्याचा संबंध जास्त जवळचा आहे, आणि वर एपोई-४ हा धोक्याचा जीन. जंतू नसलेल्या उंदरांचा मेंदू चांगला टिकला, नेहमीच्या उंदरांचा आक्रसला. मग जंतू नसलेल्यांना तीच 'चांगली' फॅटी ॲसिडं पाण्यातून दिली. तर टाऊ वाढला, मेंदूतल्या मायक्रोग्लिया, म्हणजे तिथल्या राखणदार पेशी, भडकल्या. म्हणजे हिरो एका प्रयोगात व्हिलन निघाला!

ह्यावरून कुणी भाकरी खाणं सोडू नका प्लीज. हे जीन बदललेले उंदीर आहेत. मला एवढंच म्हणायचंय की 'चांगले बॅक्टेरिया वाढवा' इतकं सरळ प्रकरण असतं तर हा पेपर असा आलाच नसता. कोणते बॅक्टेरिया, कोणत्या वयात, आजाराच्या कोणत्या टप्प्यावर, नर की मादी, प्रत्येक ठिकाणी उत्तर बदलतंय.

माणसांचं उद्या लिहिते, इथे आता रात्र झालीये.

त्रिफळाचूर्ण

आपल्याकडे हे हजारो वर्षांपूर्वीच सांगून ठेवलंय, सगळे रोग मंदाग्नीतून. परदेशातल्या लोकांनी उंदीर मारून तेच शोधलं. आईंना रात्री त्रिफळा, सकाळी कोमट पाण्यातून तूप, आणि ब्राह्मी चालू करा. प्रोबायोटिकची गरजच नाही. गाईचं ताक आहे ना घरात.

गोळीबंद

त्रिफळाचूर्ण दादा, पोट साफ ठेवा हे आपल्या आज्यांनी सांगितलंय, मान्य. पण 'पोट बिघडलं की तब्येत बिघडते' आणि 'आतड्यातल्या अमुक बॅक्टेरियामुळे मेंदूत टाऊ साचतो' ही दोन वेगळी वाक्यं आहेत, पहिलं म्हटलं म्हणून दुसरं आधीच माहीत होतं असं होत नाही. असो, वाद नको, प्रश्न त्यांच्या आईचा आहे.

मी औषध कंपनीत होतो, आता रिटायर. ह्या आतडं-मेंदू कल्पनेवर खरंखुरं औषध आणून झालंय. चीनने नोव्हेंबर २०१९ मध्ये जीव्ही-९७१ नावाच्या औषधाला सशर्त परवानगी दिली, समुद्री शेवाळातून काढलेली साखर आहे ती. दावा हाच की हे आतड्यातले बॅक्टेरिया बदलतं, त्यामुळे मेंदूतली सूज कमी होते. कितीतरी वर्षांनी अल्झायमरचं नवीन औषध म्हणून केवढा गाजावाजा झाला. चीनमधली ट्रायल ८१८ पेशंटवर, ३६ आठवडे. ग्राफ बघितला तर औषधवाले सावकाश सुधारल्यासारखे दिसतात, आणि डमी गोळीवाले बरेच दिवस ठीक राहून शेवटच्या टप्प्यात एकदम घसरतात. दोघांतला फरक बराचसा त्या घसरणीतून आलेला. बाहेरच्या तज्ज्ञांनी तेव्हाच भुवया उंचावल्या होत्या. मग कंपनीने अमेरिका युरोपसकट मोठी ट्रायल काढली आणि ती २०२२ मध्ये मध्येच बंद केली, कारण दिलं पैसा आणि कोविड. म्हणजे बाहेरच्या जगात सिद्ध झालंच नाही.

दुसरं उदाहरण तोंडातल्या बॅक्टेरियाचं. पायोरिया करणारा पोर्फिरोमोनास जिंजिव्हॅलिस म्हणून एक जंतू आहे. २०१९ मध्ये पेपर आला की अल्झायमरच्या पेशंटच्या मेंदूत ह्याचे अवशेष आणि त्याने सोडलेली विषारी एन्झाइम्स सापडली. ते एन्झाइम अडवणारी गोळी बनवली, ६४३ पेशंटवर ट्रायल केली, २०२१ मध्ये निकाल आला, स्मरणशक्तीवर फरक नाही. काही जणांच्या लिव्हरचे आकडे बिघडले ते वेगळंच.

तेव्हा कल्पना चांगली, उंदीर खूश, आणि माणसावर आल्यावर आपटी, हे मी नोकरीत इतक्या वेळा बघितलंय की आता आश्चर्य वाटत नाही. तुमची पाच आकडी कॅप्सूल तर ट्रायलच्या जवळपास पण गेलेली नसणार. फूड सप्लिमेंट म्हणून विकायला 'अल्झायमर बरा होतो' हे सिद्ध करावं लागत नाही, बाटलीवर ते लिहायला पण परवानगी नाही, म्हणून तर ते व्हिडिओत बोलतात आणि बाटलीवर नुसतं 'ब्रेन हेल्थ'. बघा बाटली.

कल्याण_स्लो

अक्कलकोटकर दादा, मी सासूबाईंचं बघते, त्यांचा आजार तुमच्या आईंपेक्षा बराच पुढे गेलाय. शास्त्र मला कळत नाही पण बद्धकोष्ठाचं कळतं, त्यामुळे फक्त तेवढं लिहिते.

ह्या आजारात माणसाला तहान लागलेली कळत नाही, लागली तरी मागता येत नाही. आमच्या निम्म्या तक्रारी पाण्याच्या होत्या. ग्लास समोर ठेवून काही होत नाही, हातात द्यावा लागतो आणि आपण पण सोबत प्यावं लागतं. ताक, पेज, आंबील, कोकम सरबत, टरबूज, काहीही पातळ चालतं. दुसरं म्हणजे वेळ. सकाळी चहानंतर त्यांना रोज त्याच वेळी नेऊन बसवायचं, होवो न होवो, पायाखाली पाट ठेवायचा. घाई नाही करायची. तिसरं, बाथरूमचं दार उघडं ठेवा नाहीतर दारावर चित्र लावा, बऱ्याचदा त्यांना जायचं असतं पण कुठे जायचं ते आठवत नाही आणि सांगायची लाज वाटते मग दाबून धरतात.

इसबगोल कुणीतरी सांगेलच. सांभाळून! पाणी कमी पडलं तर ते आत जाऊन उलट घट्ट होतं आणि गिळायला त्रास असेल तर घशात पण अडकतं. आम्हाला डॉक्टरांनी लॅक्ट्युलोजचं पातळ औषध दिलं, ते बरं पडलं.

आणि ते रात्रीचं कडी वाजवणं, आमच्याकडे सेम होतं. पोट साफ झालं की दुसऱ्या दिवशी बाई वेगळ्याच. बॅक्टेरिया असतील नसतील पण पोट दुखत असताना सांगता येत नाही तर माणूस काय करणार, ओरडणारच ना.

पेट्रीडिश

कल्याण_स्लो ताई, तुम्ही लिहिलंत ते माझ्या सगळ्या पेपरपेक्षा उपयोगी आहे.

आता माणसांचं. २०१७ मध्ये अमेरिकेत विस्कॉन्सिनला २५ अल्झायमरचे पेशंट आणि २५ त्याच वयाचे धडधाकट लोक घेतले, दोघांचे शौचाचे नमुने तपासले. पेशंटमध्ये विविधता कमी, बायफिडोबॅक्टेरियम कमी, बॅक्टेरॉइडेटिस गटातले जास्त. पुढे इटली, चीन वगैरे ठिकाणी पण फरक दिसले, पण कोणता बॅक्टेरिया वाढला कोणता घटला ह्या याद्या एकमेकींशी धड जुळत नाहीत.

आणि इथे कळीचा प्रश्न येतो, आधी काय झालं? ज्याला अल्झायमर झालाय तो जेवायचं विसरतो, एकच पदार्थ पुन्हा पुन्हा मागतो, फिरणं बंद होतं, गोळ्या वाढतात, बद्धकोष्ठ होतं. ह्यातल्या प्रत्येक गोष्टीने आतड्यातले बॅक्टेरिया बदलतात. मेटफॉर्मिनने बदलतात, ॲसिडिटीच्या गोळीने तर फारच बदलतात, तोंडातले बॅक्टेरिया खाली आतड्यात सापडायला लागतात. म्हणजे आजाराने पोट बदललं की पोटाने आजार आणला हे एका नमुन्यातून कळूच शकत नाही.

हा गुंता सोडवायला २०२३ मध्ये दोन बरी कामं झाली. एक परत वॉशिंग्टन युनिव्हर्सिटीचं. १६४ म्हातारी माणसं, सगळ्यांची स्मृती एकदम ठीक, पण तपासण्यांत त्यातल्या ४९ जणांच्या मेंदूत बदल सुरू झालेले दिसले, लक्षणं शून्य. त्या ४९ जणांचे आतड्यातले बॅक्टेरिया बाकीच्यांपेक्षा वेगळे होते, जेवण साधारण सारखंच असून. म्हणजे निदान 'आजारी पडल्यावर जेवण बदललं म्हणून' हे कारण तिथे लागू पडत नाही. तरीसुद्धा मेंदूने पोट बदललं असं असू शकतंच, नसा दोन्हीकडून जातात.

दुसरं आयर्लंडमधल्या कॉर्कचं. त्यांनी अल्झायमरच्या पेशंटच्या शौचातले बॅक्टेरिया तरण्याताठ्या धडधाकट उंदरांत (मोठ्या जातीच्या, इंग्रजीत रॅट म्हणतात त्या) सोडले. हिप्पोकॅम्पस म्हणून मेंदूचा आठवणी तयार करणारा भाग असतो, तिथे नवीन पेशी बनणं घटलं आणि स्मृतीच्या काही परीक्षांत ते उंदीर मागे पडले. हे वाचून मी पण जरा सरसावून बसले होते. पण हे उंदीर आधी अँटिबायोटिकने रिकामे केलेले होते, आणि त्यांना अल्झायमर झाला असं कुणीच म्हटलेलं नाही.

तर व्हिडिओचं 'आतड्यात सुरू होतो' हे वाक्य सिद्ध झालेलं नाही. 'आतड्याचा हातभार असू शकतो' असं म्हटलं तर मी सही करेन.

कॅप्सूलबद्दल. २०१६ मध्ये इराणमध्ये ६० पेशंटना १२ आठवडे प्रोबायोटिक दूध दिलं, अर्ध्यांना साधं दूध. स्मृतीच्या ३० मार्कांच्या परीक्षेत प्रोबायोटिकवाल्यांचे दोनेक मार्क वाढले. बऱ्याच जाहिराती ह्याच अभ्यासावर उभ्या आहेत. इराणमध्येच दोन वर्षांनी कॅप्सूल देऊन परत केलं, पेशंट जास्त आजारी होते, काही फरक पडला नाही. हा दुसरा अभ्यास कधी कुठल्या जाहिरातीत दिसणार नाही. शिवाय इस्राएलच्या वाइझमन इन्स्टिट्यूटने २०१८ मध्ये दाखवलं की विकतचे प्रोबायोटिक बऱ्याच लोकांच्या आतड्यात टिकतच नाहीत, लग्नाला आलेल्या पाहुण्यांसारखे जेवून दुसऱ्या दिवशी निघून जातात. आणि अँटिबायोटिकनंतर घेतले तर स्वतःचे मूळ बॅक्टेरिया परत यायला उलट उशीर लागतो.

डबीतली टेस्ट तर अजिबात नको. एकाच माणसाचे बॅक्टेरिया आठवड्या-आठवड्याला बदलतात. 'नॉर्मल' किती हेच ठरलेलं नाही. त्यात आपलं पोट वेगळं, पुण्याच्या एनसीसीएस ह्या संशोधन संस्थेत योगेश शौचे यांच्या गटाने भारतीयांचे नमुने तपासले तेव्हा प्रेव्होटेला नावाचा बॅक्टेरिया आपल्यात भरपूर निघाला, धान्य भाजीपाला खाणाऱ्यांत असतोच तो. आता किट परदेशी आकड्यांशी तुलना करणारं असेल तर आपला प्रत्येक जण 'असंतुलित' निघणार आणि कॅप्सूल लागणार!

अक्कलकोटकर

बाप रे, एवढं सगळं. मनापासून आभार सगळ्यांचे. बहिणीला अख्खा धागा पाठवलाय, तिचा एकच प्रश्न, व्हिडिओत म्हणत होते की बद्धकोष्ठामुळे स्मृती जाते असं अमेरिकेत लाख लोकांवर सिद्ध झालंय, ते काय आहे?

कल्याण_स्लो ताई, पाण्याचं लगेच सुरू केलं. आईला कोकम सरबत आवडतं हे विसरलोच होतो.

अजून एक लिहायचं राहिलं. मधल्या काळात आईला लघवीला वारंवार जावं लागायचं, कधी कधी कपड्यात व्हायची, म्हणून दुसऱ्या एका डॉक्टरांनी ऑक्सिब्युटिनिन म्हणून गोळी दिली होती, ती पण चालू आहे. पोटाचा त्रास त्यानंतरच वाढला असं बायकोला वाटतंय, मला नक्की आठवत नाही.

खेड्यातला_डॉक्टर

इतका वेळ नुसता वाचत होतो, पण ही शेवटची ओळ वाचून लिहायलाच बसलो. बायकोला साष्टांग नमस्कार सांगा.

डोनेपेझिल मेंदूत ॲसिटिलकोलीन नावाचं रसायन वाढवतं, त्याच्यावरच स्मृतीचा थोडाफार आधार असतो. पण ते फक्त डोक्यात वाढत नाही, मूत्राशयात पण वाढतं, मग काही जणांना लघवीची घाई होते. ऑक्सिब्युटिनिन काय करतं, तेच ॲसिटिलकोलीन अडवतं. म्हणजे एक गोळी ॲक्सिलेटर, दुसरी ब्रेक, आणि दोन्ही एकाच बाईच्या पोटात. ऑक्सिब्युटिनिन मेंदूत पण पोचतं, म्हाताऱ्या माणसांत गोंधळ, भ्रम वाढवतं, आणि आतडं सुस्त करतं. बद्धकोष्ठ, तोंड कोरडं, रात्री बडबड, तिन्ही त्याच गोळीचे गुण असू शकतात. हा प्रकार इतका नेहमीचा आहे की एका औषधाचा साईड इफेक्ट नवा आजार समजून दुसरं औषध, असं आमच्या पुस्तकांत हे ठरलेलं उदाहरण आहे. दोन डॉक्टर वेगळे असले की होतं असं, कुणाची नियत खराब नसते.

गोळी स्वतःहून बंद करू नका. न्यूरोंना ह्याच आठवड्यात फोन करा आणि दोन्ही नावं एका वाक्यात सांगा. 'डोनेपेझिल चालू असताना ऑक्सिब्युटिनिन चालू आहे, आणि पोट साफ होत नाही, रात्री गोंधळ वाढलाय.' एवढं पुरे. ते ठरवतील बंद करायची की बदलायची. लघवीची एक साधी तपासणी पण करून घ्या, इन्फेक्शन असेल तर घाई त्यानेही होते आणि गोंधळ पण.

दुसरी गोष्ट बी१२. मेटफॉर्मिन आणि ॲसिडिटीची गोळी, दोन्ही वर्षानुवर्षं घेतल्या की बी१२ नीट शोषलं जात नाही. त्यात शाकाहारी असाल तर आधीच कमी. बी१२ कमी असेल तर स्मृती, चालताना तोल, पायाला मुंग्या, सगळ्यावर परिणाम. अल्झायमर त्याने बरा होणार नाही, पण अल्झायमरवर बी१२ ची कमतरता चढली असेल तर तेवढा भाग सुधारू शकतो. शेवटची तपासणी कधी केली होती? ॲसिडिटीची गोळी अजून लागते का हे पण विचारा, कित्येकांना कधीतरी चालू केली आणि बंद करायची कुणाला सुचलंच नाही, अशी असते ती.

बहिणीच्या प्रश्नाचं. तो अभ्यास २०२३ मध्ये ॲम्स्टरडॅमच्या अल्झायमर परिषदेत मांडला होता. लाखाच्या वर लोक, खरंय. ज्यांना तीन किंवा जास्त दिवसांनी एकदा शौचाला होतं त्यांच्यात स्वतःची स्मृती कमी झाल्याचं सांगण्याची शक्यता ७३ टक्के जास्त निघाली. पण हा संबंध आहे, कारण नव्हे. आणि मोजलं काय तर मुख्यतः लोकांनी स्वतः सांगितलेली तक्रार, अल्झायमरचं निदान नव्हे. कमी हालचाल, कमी पाणी, जास्त गोळ्या, हे सगळं दोन्हीकडे बसतं.

पोटातल्या जंतूंपैकी एकाबद्दल मात्र मी कान टवकारले होते, एच. पायलोरी. आपल्याकडे निम्म्याहून जास्त लोकांच्या जठरात सापडतो. ब्रिटनच्या ४० लाखांवर लोकांच्या नोंदी तपासून २०२३ मध्ये कॅनडाच्या संशोधकांनी सांगितलं की पन्नाशीनंतर ज्यांना ह्याचा त्रासदायक संसर्ग झाला त्यांच्यात अल्झायमर ११ टक्के जास्त आढळला. फार नाही. आणि उपचार केल्याने अल्झायमर टळतो असं त्यावरून म्हणता येत नाही. अल्सर असेल तर तसाही उपचार करतोच आपण.

पेट्रीडिश

ऑक्सिब्युटिनिनचं माझ्या डोक्यात पण आलं नसतं.

तुमच्या शेवटच्या काळजीबद्दल, की तुम्हाला आणि बहिणीला होईल का. आई-वडिलांपैकी एकाला उतारवयात झाला तर मुलांचा धोका थोडा वाढतो, पण ठरून गेलेलं काही नसतं. २०२४ मध्ये लॅन्सेट ह्या वैद्यकीय नियतकालिकाच्या समितीने यादी काढली, बदलता येण्यासारख्या १४ गोष्टी, त्या सगळ्या सुधारल्या तर जगातला साधारण ४५ टक्के डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश, अल्झायमर त्यातलाच एक प्रकार) टळू किंवा लांबणीवर पडू शकतो असा अंदाज. ऐकू कमी येणं, बीपी, शुगर, कोलेस्टेरॉल, सिगारेट, दारू, बसून राहणं, लठ्ठपणा, डिप्रेशन, डोक्याला मार, एकटेपणा, हवेतलं प्रदूषण, कमी दिसणं, कमी शिक्षण. आतड्यातले बॅक्टेरिया त्यात नाहीत. कारण मोजता येईल इतका पुरावाच नाहीये अजून. कल्पनेच्या मी विरोधात नाही हां, माझं पोट त्याच्यावरच चालतं.

विरजण चालू ठेवा. चव चांगली लागते एवढं कारण पुरतं.

कल्याण_स्लो

आणि तुमच्या आईंना ऐकू नीट येतं का ते पण बघा. आमच्याकडे सासूबाईंच्या कानात नुसता मळ साचला होता आणि आम्ही समजत होतो की त्यांना कळेनासं झालंय.

त्रिफळाचूर्ण

डॉक्टरसाहेब, ह्या गोळ्यांबरोबर त्रिफळा चालेल का ते तरी सांगा, मी स्वतः घेतो.

खेड्यातला_डॉक्टर

तुम्ही घ्या हो, तुमची ना शुगर ना डोनेपेझिल. ह्या आईंना मात्र आत्ता नवीन काहीच नको, ना त्रिफळा ना ब्राह्मी ना प्रोबायोटिक. आधी एक गोळी कमी करायचा प्रयत्न चाललाय, त्यात तीन वाढवल्या तर कशाने काय झालं ते कुणालाच कळणार नाही. जुलाब सुरू झाले तर म्हाताऱ्या माणसाचं पाणी आणि पोटॅशियम खाली जायला वेळ लागत नाही.

अक्कलकोटकर, एकट्याने खेचू नका. घरापासून जवळ मेमरी क्लिनिक असेल तर तिथे, नाहीतर एआरडीएसआय ह्या अल्झायमरवर काम करणाऱ्या संस्थेच्या शाखा आहेत, तिथे काळजी घेणाऱ्या घरच्यांचे गट चालतात. सरकारची ज्येष्ठांसाठी १४५६७ ही फुकट हेल्पलाईन पण आहे.

अक्कलकोटकर

न्यूरोंशी आत्ता बोललो. दोन्ही नावं सांगितल्यावर ते दोन मिनिटं गप्पच, मग म्हणाले लघवीची ती गोळी थांबवूया, परवा घेऊन या आणि बी१२ चं रक्त येतानाच देऊन या. आमच्या जुन्या रिपोर्टमध्ये बी१२ 'बॉर्डरलाईन' लिहिलंय आणि त्यावर कुणीच काही केलेलं दिसत नाही. कॅप्सूलची ऑर्डर बहिणीने अजून दिलेली नाही, कार्टमध्ये पडून आहे. कानाचं पण विचारतो.

खेड्यातला_डॉक्टर

उत्तम. परवा जाताना घरात असतील नसतील त्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या पिशवीत भरून न्या, बंद झालेल्या, मेडिकलमधून आणलेल्या, शेजारणीने दिलेल्या, सगळ्या. नुसतं प्रिस्क्रिप्शन नेऊ नका. आणि गोळी बंद झाल्यावर लघवीची घाई परत वाढली तर घाबरून जुनी गोळी चालू करू नका, दर दोन तासांनी बाथरूमला न्या आणि मला किंवा त्यांना कळवा.